तुडुमाची खालची खुंटी

बाबा, सोमवारी गावातून फोन आला. आपल्या तलावाचा गाळ काढून राहिले आहेत, अन् पाळीवर एक फलक लावून राहिले आहेत, आजपर्यंत तलावाचं पाणी वाटणाऱ्या सगळ्या पाणकरांच्या नावांचा. आजाचं नाव आहे. आजाच्या बापाचंही आहे. तुमच्यानंतर ज्यानं चार वर्षं कसंबसं पाणी वाटलं, त्याचंही आहे. तुमचं नाही. फोन करणारा माझ्यासोबत सातवीपर्यंत शिकलेला, आता तलावाच्या समितीत आहे. तो म्हणे, म्हातारे लोक म्हणतात का ज्यानं तलाव रिकामा केला त्याचं नाव कायले पाहिजे. पेंटर गुरुवारी येणार, तुले काही म्हणायचं असलं तर त्याच्या आधी सांग. मी हो-हो केलं अन् फोन ठेवला. आज बुधवार आहे. त्याले फोन करायचा सोडून तुम्हाले लिवायले बसलो.

मी सध्या पुण्याच्या बाहेर एका मोठ्या सोसायटीत आहे. रायपूरच्या मिलमध्ये राहून पाहिलं, हैदराबादकडे बोअरच्या गाडीवर राहून पाहिलं, सुरतेले राहून पाहिलं. कुठंच दोन वर्षं टिकलो नाही. माणसं ओळखीची व्हायले लागली का मले निघावंसं वाटते. इथं पाण्याचंच काम आहे. सहा इमारती, टँकर आले का व्हॉल्व्ह फिरवायचे, कोणाले किती वेळ ते पाहायचं. पंपाच्या खोलीतच माझी खाट आहे, गॅस आहे. भात शिजवतो अन् पंपाचा आवाज ऐकत खातो. माझं नाव इथं कोणाले माहीत नाही, 'पानीवाला' म्हणतात. चौकीदार ओडिशाचा आहे, त्याच्याशी हिंदीत दोन गोष्टी होतात, त्याही पाण्याच्याच. सगळ्यात मागची इमारत उताराच्या टोकाले आहे. मी पहिले तिचा व्हॉल्व्ह खोलतो. पुढच्या इमारतीतले लोक भांडतात, का बाबा, गेटजवळ आम्ही अन् पाणी तिकडं पहिले कसं? माझा हात आपोआप तिकडे जाते.

आपल्या गावात ही गोष्ट कोणाले सांगावी लागत नव्हती. पहिलं पाणी शेवटच्या बांधीले, उताराच्या टोकाच्या धानाच्या तुकड्याले, मग हळूहळू वर येत येत पाळीजवळच्यांले. पाळीखालचे मोठे शेतकरी कुरकुर करत, पण तुमच्या तोंडावर कोणी बोलत नव्हतं. तुम्ही म्हणत, वरच्याचं पोट भरलं का खालच्याचा आवाज त्याले ऐकू येत नाही. आपल्याकडचा पाऊस मोठा, पण शेवटी दगा देणारा. हत्ती नक्षत्र कोरडं गेलं का लवकर येणारा हलका धान कसाबसा निघून जातो, उशिराचा भारी धान मात्र लोंबी निसवायच्या वेळी तहानलेला राहतो. त्या पंधरा-वीस दिवसांसाठी कोण्या काळी कोहळी लोकांनी तो तलाव बांधला अन् पाण्यात दगडाचं तुडुम उभं केलं. बाहेरच्या माणसाले तो नुसता खांब दिसते. पण तो आतून पोकळ, त्याले वरून खाली पाच भोकं, भोकात चिंध्या गुंडाळलेल्या लाकडी खुंट्या. खुंटी निघाली का पाणी आत शिरून पाळीखालच्या मोरीतून पाटाले लागते. पाणी जिथवर आहे, त्याच्या लगेच खालची खुंटी काढायची. पाणी उतरलं का मग तिच्या खालची. एकदम खालची काढली तर वरच्या सगळ्या पाण्याचं वजन तिथं येते, अन् मग ती खुंटी देवाच्या बापाच्यानंही परत बसत नाही. हे तुम्ही मले मी दहा वर्षांचा असताना पाण्यात उभं करून शिकवलं, हात भोकावर ठेवायले लावून.

आजानं दीक्षा घेतली त्या वर्षी गावकीची सगळी कामं एका दिवसात सोडली, असं तुम्ही सांगत. मेलेलं ढोर ओढणं सोडलं, सांगावे घेऊन फिरणं सोडलं. पाण्याचं काम तेवढं ठेवलं. गावातल्या पोट्ट्यांनी तुम्हाले एकदा विचारलं होतं, हेही कायले ठेवलं म्हणून. तुम्ही म्हटलं, ते कोणी दिलं नव्हतं, येत होतं म्हणून होतं. मले तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. लावून घ्यायचाही नव्हता.

मी पहिलीत होतो तेव्हा जिल्हा फुटला. आत्याचं गाव अर्जुनीकडे, ते गोंदियात गेलं, आपलं जुन्याच जिल्ह्यात राहिलं. तुम्ही बाजारात सगळ्यांले सांगत फिरले का माही बहीण चूल न हलवता दुसऱ्या जिल्ह्यात गेली. आपलं गाव म्हणजे बँक, दवाखाना, लोहार, धानाची मिल अन् एसटीचा थांबा. आजूबाजूच्या खेड्यांचं सगळं काम इथं. जिल्हा फुटल्यावर पूर्वेकडचे लोक कागदासाठी गोंदियाच्या रस्त्याले लागले, बाजार निम्मा झाला, थांब्यावरच्या टायपिंगवाल्यानं मशीन विकून चहाची टपरी टाकली. आत्याकडे जायले दोन गाड्या बदलाव्या लागायच्या. म्हणून ती बिमार पडली त्या वर्षी तुम्ही दोन दिवसांसाठी गेले, अन् तुडुम माझ्या हाती देऊन गेले. मी एकोणीस वर्षांचा होतो. दिवाळी होऊन गेली होती, एकोडीकडे मंडईची जत्रा होती, रात्रभर दंडारीचा खेळ होता. तुम्ही एसटीत बसताना खिडकीतून म्हटलं, "दुसरी खुंटी काढजो. पाणी शेवटपावेतो गेलं का तिले बसवजो. बस."

मी सर्वात खालची काढली.

पाणी पाळीखालच्या मोरीतून असं सुटलं का पाट पहिल्याच वळणावर फुटला अन् सगळं पाणी नाल्याले लागलं. मी मंडईत निघून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गाडीतूनच तलाव पाहिला. घरी आले नाही. थांब्यावरून सरळ पाळीवर. मी मंडईतून परतून तिथंच होतो. तुम्ही सदरा काढून माझ्या हाती दिला अन् उडी घेतली. खुंटी बसेना. शेवटी धानाच्या तणसाची बोचकी अन् चिकणमाती कोंबून ते भोक बंद केलं, तोवर तलावाचा तळ दिसायले लागला होता. त्या वर्षी खालच्या बांध्यांतला भारी धान निसवला, पण दाणा भरला नाही. नुसत्या लोंब्या वाऱ्यावर वाजत होत्या.

ग्रामपंचायतीच्या ओसरीवर लोक जमले. पाळीखालच्या मोठ्या शेतकऱ्यानं विचारलं, "तुह्या पोट्ट्यानं केलं का हे?" मी तुमच्या मागं उभा होतो. तुम्ही मान वळवली नाही. म्हटलं, "त्याले पोहता येत नाई. तो कायचा खाली उतरते? खुंटी मीच ढिली करून गेलो होतो." मग कोणी म्हणे तीन पिढ्यांचं काम अन् अशी हयगय, कोणी म्हणे बहिणीच्या चुलीवर लक्ष, तलावावर नाही. हसलेही दोघं-तिघं. काम दुसऱ्याले दिलं. सगळे उठले तेव्हा शेवटच्या बांधीवाली बाई, जिची एकरभरच जागा अन् नवरा नाही, तुमच्याजवळ आली. "तुमी होते म्हणून आमच्यापावेतो पाणी येत होतं, भाऊ. आता कोण आणन?" तिच्याच धानाचं सगळ्यात जास्त वाटोळं झालं होतं. तिचं खरं झालं, पुढच्या वर्षीपासून पाणी अर्ध्यातच संपायचं.

घरी येताना तुम्ही मले एवढंच म्हटलं, "तुले पोहता येत नाई. ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं. त्या उन्हाळ्यात गावची सगळी पोट्टी दुपारभर तलावात उरलेल्या डोहात, अन् मी पाळीवर कपडे सांभाळत. ते चिडवत, पाण्याले भेते बे हा, पाणकराचा पोरगा. एकदा एकानं ढकललं तर मी खरंच हातपाय झाडले, गटांगळ्या खाल्ल्या, दोघांनी मले ओढून बाहेर काढलं. तुम्ही पाटाजवळून जात होते. तुम्ही पाहिलं, अन् पुढं निघून गेले. पुढच्या पावसाच्या आत मी रायपूरले गेलो. त्याच वर्षी पोळ्याच्या सुमारास तुम्ही तापानं गेले. मी पोहोचलो तेव्हा माती देऊन झाली होती. मायनं विचारलं, आता राहशील का? मी चौथ्या दिवशी निघालो.

इथवर लिहून आता फोन केला. समितीवाल्याले म्हटलं, खुंटी मी काढली होती, बाबानं नाही. तो हसला. "अबे, तुले तर पोहताच येत नव्हतं. आमीच काढलं होतं ना तुले बाहेर." मी म्हटलं, येते. सहाव्या वर्षापासून येते, बाबानं पहाटे तुडुमापाशी शिकवलं, तुम्ही कोणी नसताना. त्यानं विचारलं, "मंग त्या उन्हाळाभर तू पाळीवर कायले बसत होता गा?" विचारता विचारता त्याचं त्यालेच समजलं असावं. म्हणे, "जाऊ दे. पोट्टा होता, चूक झाली तुह्यानं. मी म्हाताऱ्यांले सांगतो. काकाचं नाव टाकाले लावतो." मी हो म्हटलं, चूकच झाली म्हटलं. तुमचं नाव उद्या लागेल.

पण बाबा, दुसरी खुंटी माझ्या हाताले लागली होती. मी ती धरली होती. मग सोडली अन् खाली गेलो. आदल्या वर्षी धान चुरायच्या, मळणीच्या वेळी तुम्ही मले पाणकराचा वाटा आणायले एका खळ्यावर पाठवलं होतं. तिथं माझ्या वर्गातली एक पोरगी आपल्या बापाजवळ बसली होती. बापानं मले दूर थांबायले सांगितलं अन् सुपानं धान माझ्या दुपट्ट्यात ओतला, वरून. ती पाहत होती. तुम्हाले मी हे सांगितलं नाही. आजानं सगळं सोडलं, हे तेवढं राहिलं होतं. मले वाटलं, एकदा मोठं बिघडलं तर हेही आपल्या घरातून जाईल. शेवटच्या बांधीवाल्या बाईचा विचार माझ्या मनात आलाच नाही, अन् तुमचाही नाही.

अन् हे मी समितीवाल्याले सांगणार नाही, मायले सांगणार नाही, कागद फाडून टाकीन. तुम्ही पाण्याखाली ते भोक बुजवत होते, वर येत होते, दम घेत होते, परत जात होते, तेव्हा मी काठावर तुमचा सदरा धरून उभा होतो. मले बरं वाटून राहिलं होतं.