बोलून झाल्यावर थांबायचं

बाबा, मी आता सातिवलीतच कामाला आहे. तुमची कंपनी होती तिच्या मागच्या गल्लीत, एका गोडाऊनमध्ये. दिवसभर उभ्यानं खोके मोजायचे, टेंपोत चढवून घ्यायचे, चलनावर सह्या घ्यायच्या. संध्याकाळी पोटऱ्या इतक्या भरून येतात की घरी आल्यावर बूट काढायला वाकायचाही कंटाळा येतो. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. आई तुमच्या फोटोसमोर कधी बोलली असेल तर तुम्हाला माहीत असेल, नसेल बोलली तर आता माझ्याकडून ऐका. दहा वर्षांत तुम्हाला सांगण्यासारखं फारसं काही केलं नाही, म्हणून लिहायचंही टाळत आलो. आज लिहितोय कारण गेल्या आठवड्यात एक गोष्ट केली, आणि ती नीट केली की नाही हे मला कळत नाहीये.

आधी एक सांगून टाकतो. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो, आणि तोपर्यंत तुम्ही घाबरट आहात हे माझं मत पक्कं झालं होतं. ते झालं आपल्या आचोळ्याच्या गल्लीतल्या चक्कीवर. आपल्या गव्हाच्या पिठात कुणाची तरी बाजरी आली होती, आईच्या पोळ्या तुटत होत्या. रविवारी तुम्ही डबा घेऊन गेलात, मी मागे. रांगेत सगळ्या बायका. तुम्ही इतक्या हळू बोललात की चक्कीवाल्यानं मशीन बंद करून परत विचारलं, आणि कळल्यावर हसून म्हणाला, "साहेब, एवढं तर चालतंच. नाहीतर घरी जातं बसवा, वहिनींची तब्येत पण चांगली राहील." बायका हसल्या. तुमच्या हातातल्या डब्याचं झाकण वाजत होतं. तुम्ही म्हणालात, "आधी बाजरी दळली असेल तर मला सांगत जा. मी थांबेन." एवढंच. मला वाटलं आता तरी डबा उचलून निघाल. तर तुम्ही तिथेच त्या हसणाऱ्या बायकांच्या मागे रांगेत उभे राहिलात, कारण तांदूळ दळायचे होते.

पुढच्या रविवारी तुम्ही परत तिथेच निघालात. मी जिन्यात बसून राहिलो. म्हटलं, स्टेशनकडे दुसरी चक्की आहे. तुम्ही म्हणालात, असेल. मी काही उठेना, तेव्हा तुम्ही दोन पायऱ्या परत वर आलात. "जिथे बोललो तिथे परत जायला मलाही लाज वाटते रे. पण असं एकेक दुकान सोडत गेलो तर राहायचं कुठे? चल, डब्याची एक कडी धर." मी धरली, पण तोंड वाकडं करून. चक्कीवाल्यानं डबा घेतला, दळून दिला. घरी येईपर्यंत मी मनात ठरवून टाकलं होतं की मोठेपणी मी असा होणार नाही. कुणी हसला की तिथल्या तिथे हिशेब.

आणि तसाच झालो. पण त्याआधीचा एक दिवस राहिला. शनिवार आहे, माझी शाळा सकाळची, आई मामाकडे गेलीय म्हणून तुम्ही मला कंपनीत आणलंय. बाटल्यांच्या बुचांच्या ढिगाशी मी खेळतोय. पाणी प्यायला मागे जातो तर तुम्ही बेसिनसमोर उभे राहून भिंतीशी बोलताय. "शेठ, पॅकिंगचा पंखा बंद आहे. बायांना त्रास होतोय." मग तेच परत, "शेठ" जरा मोठ्यानं. मला बघून तुम्ही नळ सोडता आणि तोंड धुता. नंतर काचेच्या केबिनमध्ये जाता, अर्ध्या मिनिटात बाहेर येता, आणि संध्याकाळपर्यंत त्याच काचेसमोरच्या टेबलावर, शेठच्या नजरेसमोर, मान खाली घालून माल लिहीत बसता. पंखा महिन्यानं आला, तोही जुना. तो कुणामुळे आला हे त्या बायांना कधी कळलं असेल असं वाटत नाही. घरी येताना मी विचारलं, शेठ ओरडला का. म्हणालात, "नाही. पण बोलण्यापेक्षा नंतरचं बसणं जड गेलं." मला ते तेव्हा अगदीच बावळटपणाचं वाटलं.

कॉलेजमध्ये माझ्या वर्गात एक मुलगी होती. कशी होती ते तुम्हाला सांगायची मला लाज वाटते, एवढंच सांगतो की ती लेक्चरला नसली की मला बाकावर बसवत नसे. वर्गाच्या ग्रुपवर एक पोरगा तिच्याबद्दल घाण लिहायचा. माझं डोकं सटकलं. कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर त्याला धरून मारला, आणि मारताना तिचं नाव घेऊन ओरडत होतो, माझ्या हिला बोलतोस का म्हणून. माझी ती कधीच नव्हती, बाबा. आमचं तोपर्यंत नोट्स आणि चहा यापुढे काही गेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिचं नाव सगळ्या कॉलेजात, दोन दिवसांत तिच्या घरी. तिच्या वडिलांनी महिनाभर तिला बाहेर पाठवलं नाही. परत आली तेव्हा जिन्यात मला थांबवून म्हणाली, "चार दिवस मी वाक्य जुळवत होते. त्याला मी स्वतः बोलणार होते, वर्गात, सगळ्यांसमोर. तू मला विचारलंस? माझं बोलणंपण तूच घेतलंस." मी काय करावं? तिच्यावरच ओरडलो. उपकाराची जाण नाही वगैरे. मग सरांनी त्या पोराची माफी माग म्हटलं, तर आयकार्ड त्यांच्या टेबलावर फेकून जो निघालो तो परत गेलो नाही. लोकांना वाटलं, काय डेरिंग आहे. मलाही वाटलं, साधारण महिनाभर.

त्यानंतर दोन नोकऱ्या सोडल्या, दोन्ही ओरडून. थकलो बाबा. ओरडायला जोर लागतोच, पण मग ती माणसं टाळत रोज नवा रस्ता शोधून चालायला त्याहून जास्त लागतो. सातिवलीला आलो तेव्हा ठरवलं की निदान इथे बोलून झाल्यावर थांबायचं. सुरुवात फार क्षुल्लक होती. सुपरवायझरला म्हणालो, मला कळलं नाही, परत सांगा. तो म्हणाला, कॉलेजात काय झाडू मारत होतास काय. कान तापले, पण उभा राहिलो, त्यानं परत सांगितलं. शेजारच्या काकांना म्हटलं, बाईक आमच्या दारातून जरा सरकवा, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर मान न वळवता नमस्कार केला. आईला सांगितलं की कॉलेजातून कुणी काढलं नव्हतं, मीच सोडलं. ती रडली, मी स्वयंपाकघरातच बसून राहिलो. असं एकेक करत सहा महिने गेले. हात अजून थरथरतो. तुमच्यावरच गेलाय बहुतेक.

आमचा टेंपो मला नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला सोडतो. तिथे आचोळ्याच्या शेअर रिक्षाच्या लाईनीत ती कॉलेजमधली मुलगी मला दोनतीनदा दिसली. जवळच कुठेतरी नोकरी करते. दरवेळी मी मागे फिरून चालत घरी गेलो. गेल्या मंगळवारी नाही फिरलो. गोडाऊनच्या बेसिनसमोर वाक्य तयार केलं होतं, ते तिच्या मागे उभं राहून बोललो. "तुझं बोलणं मी हिसकावून घेतलं. वर तुझ्यावरच ओरडलो. चुकलं माझं." तिनं वळून बघितलं. फार रागानंही नाही, दमलेलीच दिसत होती. म्हणाली, "बरं. ऐकलं." आणि पुढे तोंड केलं. लाईन हलेना. मी तिथेच. जरा वेळानं न वळताच म्हणाली, "आता मी काहीतरी बोलावं म्हणून थांबलायस का?"

मी म्हणालो, "नाही. रिक्षासाठी."

मागून भाजीची पिशवी घेतलेल्या एक काकू म्हणाल्या, "बाळा, बोलून झालं असेल तर पुढे सरक." सरकलो. रिक्षा आली, ती आणि दोघीजणी मागे बसल्या. ड्रायव्हर पुढच्या अर्ध्या सीटवर हात आपटत होता, एक पुढे, एक पुढे. मी उभाच राहिलो. तिनं बाहेर डोकं काढलं. "बस की. रिक्षासाठीच थांबला होतास ना?"

बसलो. रिक्षा आचोळ्याला आली. ती आधी उतरली आणि मागे न बघता गेली.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही ते बरंच आहे, असता तर पुढचं लिहिलं नसतं. तुम्ही बोलून थांबायचात ते तांदूळ दळायचे असायचे म्हणून, माल लिहायचा असायचा म्हणून. मी रिक्षासाठी नव्हतो थांबलो, बाबा. खोटं बोललो. ती काहीतरी बोलेल म्हणूनच थांबलो होतो. अजूनही तेवढ्यासाठीच त्या लाईनीत उभा राहतो.