मरणाचा प्रसंग कापू नये

नोगोया, एन्त्रे रिओस प्रांत. सोमवार, ८ एप्रिल २०२४.

मी, झुनिल्दा बेर्तेत, वय त्र्याहत्तर, अविवाहित, सरकारी माध्यमिक शाळेतील भूगोलाची निवृत्त शिक्षिका, राहणार स्टेशनमागच्या गल्लीतले कोपऱ्यावरचे घर, हे मृत्युपत्र कोणी सांगितले म्हणून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छातीचे तसे सांगता येत नाही. पुढच्या मंगळवारी, सोळा तारखेला, पाराना शहरात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे.

नोटरी इरियार्तेबाई म्हणाल्या की हाताने लिहिलेले मृत्युपत्र एका बैठकीत पुरे झाले नाही तरी कायद्याला चालते, प्रत्येक भागाखाली तारीख आणि सही असली की झाले. हे बरे झाले. कारण या गुरुवारी सिनेमा लागतो आहे आणि तो लागेपर्यंत माझे कशातच लक्ष नाही. सकाळपासून दोनदा गॅस बंद केला का ते पाहून आले. एकदाही पेटवलेला नव्हता.

सिनेमाचे नाव ‘आजीचं सारण, भाग दोन’. पहिला भाग अकरा वर्षांपूर्वी आला. त्यात मी आजी झाले होते. ही आजी रविवारच्या जेवणाला जावयांना बोलावते आणि पुढच्या रविवारी पिठाच्या चौकोनी घड्यांत त्यांचेच सारण भरून रॅव्हिओली वाढते. दुसऱ्या भागात नाती मोठ्या होतात आणि आजीला गाठतात. दोन्ही भाग फेर्मिन हाइन्झे याने केले. फेर्मिन माझ्या वर्गातला विद्यार्थी, आता एक्केचाळीसचा. त्याला नकाशे कधी आले नाहीत, पण कोपऱ्यात रंगवलेले मगरीचे दात इतके झकास असायचे की मला गुण द्यावेच लागत.

पहिल्या भागावर राजधानीतल्या एका मोठ्या समीक्षकाने लिहिले होते की एवढे रक्त रक्तपेढीला दिले असते तर पुण्य लागले असते, आणि म्हातारी तर कपाट सरकवल्यासारखी चालते. मी ते हसण्यावारी नेले. फेर्मिनला ते जमले नाही. त्याने कॅमेरा विकला, सासऱ्याच्या दुकानात फ्रिज विकायला बसला आणि कितीतरी वर्षे कुठल्या थिएटरची पायरी चढला नाही. पुढे कॉलेजच्या पोरांनी तो सिनेमा कुठून तरी शोधून काढला, डोक्यावर घेतला, तेव्हा कुठे त्याच्यात जीव आला. आता पुन्हा तसेच काही छापून आले तर तो उठेल असे मला वाटत नाही. शस्त्रक्रियेपेक्षा मला गुरुवारची धास्ती जास्त आहे, हे इथे नोंदवून ठेवते.

कलम १. माझे राहते घर, परसातल्या लिंबाच्या झाडासह, फेर्मिन हाइन्झे याला द्यावे. दोन्ही भागांचे चित्रण याच घराच्या स्वयंपाकघरात झाले. ओट्यामागच्या भिंतीवर जे डाग आहेत ते बिटाचे आणि डुकराच्या रक्ताचे आहेत. रंगाऱ्याने विचारलेच तर खरे ते सांगावे, मागच्या वेळी तो पोलिसांना बोलावणार होता.

कलम २. माझी धाकटी बहीण नेलिदा हिला मी काहीही देत नाही, कारण तिला काहीही नको आहे. पहिला भाग पाहून ती माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, ज्या ओट्यावर आईनं पीठ मळलं, त्यावर तू माणसं कापलीस.”

“सॉसेजचं मांस होतं गं ते.”

“मला माणसंच दिसली. यापुढे तुझ्या घरातलं मला काही नको.”

तेव्हापासून ती या घरात आलेली नाही. रस्त्यात भेटली तर तब्येत विचारते, पण फुटपाथवरूनच. खरे तर तिच्यासारखी दाद मला एकाही समीक्षकाने दिली नाही, पण हे तिला सांगायची सोय नव्हती.

आता मुद्द्याचे. इरियार्तेबाईंनी समजावले की मूलबाळ नसलेल्या बाईने काही लिहून ठेवले नाही तर वारस बहीण ठरते, आणि वारसाकडे नुसते घरदार जात नाही. मेलेल्या माणसाच्या चित्राबद्दल हरकत घ्यायचा हक्कही जातो. म्हणजे मी मंगळवारी गेले तर बुधवारी नेलिदा वकील गाठणार आणि माझे तोंड दोन्ही सिनेमांतून पुसायला लावणार. ती वाईट नाही. तिला मनापासून वाटते की माझी अब्रू ती वाचवते आहे. म्हणून लिहिते की माझा चेहरा, आवाज आणि चित्र यांवरचे सर्व हक्क फेर्मिनचे.

कलम ३. शाळेच्या दालनात निवृत्त शिक्षकांचे फोटो आहेत. पहिला भाग आल्यावर माजी मुख्याध्यापकांनी माझा फोटो उतरवला आणि त्या खिळ्याला घड्याळ टांगले. मी गेल्यावर कोणाला एकदम प्रेमाचे भरते येईल. फोटो परत लावू नये. घड्याळ मागे चालते, त्याकडे मात्र बघावे.

कलम ४. रॅव्हिओलीचे लाकडी लाटणे आणि बोथट केलेल्या सुऱ्या शेजारचा खाटीक बाल्तासार लेइवा याला. आमचे सगळे आतडे-कोथळे त्यानेच पुरवले, आणि रविवारी चर्चला जायच्या आधी स्वतः रचूनही दिले. बँकेतले जे काही असेल त्यातून छप्पर दुरुस्त करावे. भूगोलाची पुस्तके शाळेला नकोत, ती फुकट जातील. ज्याला वाचायची त्याने घरी येऊन न्यावीत.

झुनिल्दा बेर्तेत (सही)

शुक्रवार, १२ एप्रिल.

पुढे लिहिते. अक्षर वेगळे दिसले तर कोणी शंका घेऊ नये, मीच आहे.

आमच्या मंडळींत एक रीत आहे. सिनेमात ज्याचा मुडदा पडतो त्याने समीक्षणे येतील त्या दुपारी सगळ्यांना भाजलेले मांस खाऊ घालायचे आणि तिथेच समीक्षणे मोठ्याने वाचायची, एकही ओळ न गाळता. पहिल्या वेळी जावयांनी मिळून बेत केला होता. या वेळी मेले मी. तेव्हा काल दुपारी माझ्या परसात बाल्तासारने निखारे केले, बरगड्या लावल्या, आणि डॉक्टरांच्या कृपेने मी काकडी खात बसले.

बाल्तासारनेच चष्मा चढवून फोनवर वाचायला घेतले. कथेला शेंडा ना बुडखा, असे पहिल्याने लिहिले होते. दुसऱ्याने लिहिले की पाहून आल्यावर दोन दिवस फक्त उकडलेला भोपळा खाववला. मी फेर्मिनकडे बघत होते. तो निखाऱ्यांकडे बघत होता. मग बाल्तासारचा आवाज बदलला.

“‘पण शेवटचा प्रसंग,’” तो वाचू लागला, “‘या देशातल्या पडद्यावर मरण इतकं खरं मी पाहिलेलं नाही. आजी ओट्याला धरून घसरत खाली बसते. ओठ निळे पडतात. आणि मग ती हळूच मान हलवते. नाही म्हणते. कोणाला, ते दिग्दर्शक सांगत नाही. कपाट म्हणणारा मीच. शब्द मागे घेतो.’”

सगळ्यांनी त्या मान हलवण्यावरच लिहिले होते. एकाच्या मते आजी नातीला क्षमा नाकारते. एकाच्या मते देवाला नाकारते. रोसारिओ शहरातली एक मुलगी लिहिते की ती प्रेक्षकांना म्हणते, माझी कीव करू नका. परसात टाळ्या पडल्या, कोणी तरी ग्लासवर काटा वाजवला. फेर्मिन उठला आणि स्वयंपाकघरात गेला. त्याने घासही खाल्ला नव्हता. मी मागोमाग गेले.

“बाई, तो प्रसंग मी काढतोय,” तो म्हणाला. “सगळ्या थिएटरांतून. आजच फोन करतो.”

“डोकं फिरलंय का तुझं? काय लिहिलंय ऐकलंस ना?”

“डॉक्टरांनी ऑगस्ट महिना सांगितला होता.”

मला कळले तो कशाबद्दल बोलतो आहे. पारानाला तपासणीसाठी त्यानेच मला गाडीतून नेले होते. डॉक्टर कागदाकडे बघून म्हणाले होते की ऑगस्टच्या सुमाराला हृदयाचा एक झटका येऊन गेलेला दिसतो, कळले नाही का तुम्हाला. मी नाही म्हटले होते.

“डॉक्टर अंदाजानं बोलतात रे.”

“मी तिथेच उभा होतो, तुमची पर्स धरून. ऑगस्टमध्ये तुम्ही इथे होतात, या फरशीवर, माझ्या कॅमेऱ्यासमोर. तुमच्या ओठांना कोणी निळा रंग लावला नव्हता, बाई. मी काल रंगभूषेच्या पोरीला विचारलं. त्या दिवशी मी तिला शाबासकी दिली होती.”

“तू मला विचारलं होतंस, थांबूया का म्हणून.”

“विचारलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत.”

“ऐकलं. मान हलवली की.”

“ती आजीनं हलवली.”

“आणि आजी कोण होतं, बावळटा?”

“तुम्ही माझी समजूत काढताय. शाळेत काच मी फोडली तेव्हाही तुम्ही मुख्याध्यापकांना वाऱ्यानं फुटली म्हणून सांगितलंत.”

सांगितले होते खरे. तो सिंकला टेकून उभा राहिला आणि म्हणाला की लोक टाळ्या वाजवत आहेत आणि तो तिथे बाईंना मरताना बघत उभा होता, आता पुन्हा कॅमेऱ्याला हात लावणार नाही. बाहेरून बाल्तासार ओरडत होता की बरगड्या गार होतात.

एवढी वर्षे मी वाईट समीक्षणांना भ्यायले. चांगल्यांनी त्याचा जीव जाईल असे कधी मनात आले नव्हते. कशीबशी रविवारपर्यंतची मुदत त्याच्याकडून घेतली.

झुनिल्दा बेर्तेत (सही)

रविवार, १४ एप्रिल.

कलम ५. फेर्मिन, हे कलम तुला आहे. तोंडाने सांगितलेले तुला पटत नाही, म्हणून मृत्युपत्रात लिहिते. इथे कोणाची समजूत काढून मला काही मिळायचे नाही.

तुझी संहिता माझ्यापुढे उघडी आहे. त्यात लिहिले आहे की आजी उकळत्या पातेल्याकडे बघत मरते. मान हलवते असे कुठेही नाही. दुसऱ्याच्या मजकुरात मी स्वतःचे घुसडत नाही, तुझे नकाशेही मी नुसते तपासले, सुधारले नाहीत. आता मूळ आवाज लावून तो प्रसंग बघ, तुम्ही त्यावर अकॉर्डियनचे संगीत टाकण्याआधीचा. आधी तुझा आवाज येतो, “बाई, थांबूया का?” आणि मग माझी मान हलते. मोठमोठ्या लोकांनी त्याचे काय काय अर्थ लावले. मी फक्त तुला उत्तर देत होते.

दुखत होते. अपचन असेल असे वाटले, आणि नसेल असेही वाटले. दोन्ही वाटले तरी मला थांबायचे नव्हते. प्रसंग चांगला चालला होता, आणि ते मला आतून कळत होते. आयुष्यभर वर्गाला पाठ करून फळ्यावर नद्या काढल्या. त्या दिवशी सगळे माझ्याकडे बघत होते आणि कोणाचीच चुळबुळ नव्हती. तो निर्णय माझा होता. तो तू माझ्याकडून काढून घेऊ नयेस.

म्हणून सदर प्रसंग, आजी ओट्याला हात लावते तिथपासून पडदा काळा होईपर्यंत, फेर्मिन हाइन्झे, त्याचे वारस, वितरक किंवा माझी बहीण यांपैकी कोणीही कापू नये, छोटा करू नये, त्याची माफी मागू नये. घर देते ते याच अटीवर. तू माझे ऐकलेस याचा तेवढाच पुरावा आहे, आणि तो राहिला पाहिजे.

कलम ६. इरियार्तेबाई म्हणतात की या मजकुराची जागा मृत्युपत्रात नाही, त्याचा कागद वेगळा असतो. तो कागद केला आहे. तरी इथेही लिहिते, आणि हे मी मेल्यावर वाचून उपयोग नाही, म्हणून फेर्मिनला आज संध्याकाळीच वाचायला देणार आहे.

दवाखान्यात विचारले की टेबलावर काही बिघडले आणि तुम्हाला बोलता आले नाही तर कोणाला विचारायचे. मी फेर्मिनचे नाव दिले. दुसरे सुचलेच नाही. आता भीती वाटते ती याची, की हा तिथे बाकावर बसून त्या फरशीचाच विचार करत राहील, आणि बाईंना आणखी त्रास नको म्हणून नको ते बोलून जाईल. मला जायचे नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण मृत्युपत्र वाचून माणसाची तयारी झाली आहे असा लोकांचा समज होतो. माझी काहीही तयारी झालेली नाही.

तेव्हा फेर्मिन, मंगळवारी डॉक्टर बाहेर येऊन तुला विचारतील, थांबूया का. त्या वेळी मला मान हलवता येणार नाही. म्हणून उत्तर आत्ताच देऊन ठेवते. नाही. चालू ठेवा.

झुनिल्दा बेर्तेत (सही)
नोगोया, १४ एप्रिल २०२४

कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

साक्षीदार पहिला: बाल्तासार लेइवा, खाटीक. (सही)

साक्षीदार दुसरी: नेलिदा बेर्तेत, बहीण. मजकूर पूर्ण वाचला. ताईच्या स्वयंपाकघरात बसून सही केली. मंगळवारी बाकावर त्या मुलाशेजारी मी बसणार आहे. (सही)