उजव्या हाताची चिमूट

मी, वासंती मुकुंद तळपदे, वय वर्षे शहात्तर, राहणार ठाकूरद्वार, गिरगाव, मुंबई, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना आणि आज सकाळपासून अनावर आनंदात हे मृत्युपत्र करते. वकील अभय राणे म्हणतात, आनंद लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं, दडपण नाही हे लिहायची आहे ना, मग लिहा पुढे. शुद्धीचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी काल वार विचारला, तेव्हा मी म्हटलं, मंगळवार, आणि उद्या बुधवार, म्हणून तर जीव थाऱ्यावर नाही.

१. माझ्या नावाचं आधीचं एक मृत्युपत्र आहे, ते मी रद्द करते. दोन वर्षांपूर्वी मला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, महिनाभर वाचाही गेली. (शेजाऱ्यांनी तेवढ्यात झोप काढून घेतली असेल.) परळच्या इस्पितळात पडून होते, तेव्हा धाकटे दीर कमलाकांतभाऊजी आले, इस्पितळाचा फॉर्म आहे म्हणाले आणि माझा लुळा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवून कागदावर उठवून घेतला. फॉर्म कसला, राहतं घर त्यांच्या नावे करणारं मृत्युपत्र होतं ते. त्यांच्याच नातीने, ऋग्वेदाने, कागद पाहिला आणि रडत येऊन मला सांगितलं. आता याही कागदावर मी अंगठा उठवला, तर भाऊजी म्हणणार, हाही कोणीतरी उठवून घेतला. म्हणून इथे सहीच हवी, माझ्या उजव्या हाताची. ती जमली नाही तर खालचं सगळं फुकट.

२. हात परत कसा आला हे कायद्याला नको असलं तरी मला लिहायचं आहे. माझे व्यायाम घेणारी संघमित्रा साळवे हिने चार महिने मला प्लास्टिकच्या खुंट्या उचलायला लावल्या. एक उचलली असेल तर शपथ. मग ती दर बुधवारी आम्हा सात-आठ पेशंटांना गाडीत घालून फोर्टातल्या एका संग्रहालयात नेऊ लागली. म्हणायची, आजी, इस्पितळाच्या भिंतीकडे बघून कोणी बरं होत नाही. मला वाटलं, पोरीचे उपाय संपले.

तिसऱ्या बुधवारी तिने माझी खुर्ची एका बैठ्या दगडी देवीसमोर लावली. हजार वर्षांची देवी, आणि कपाळ कोरडं! मला काही ते बघवेना. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी पर्समधली कुंकवाची डबी मी काढलेली नाही, देवळात लागते. डाव्या हाताने डबी उघडली. पण देवीला डाव्या हाताने कुंकू कोण लावतं? उजव्याने चिमूट घेतली आणि लावलं. मला त्यात काही विशेष वाटलंच नाही.

तिथले राखणदार दौलत गमरे धावत आले. "आजी, हात खाली घ्या."

मागून संघमित्रा म्हणाली, "अजिबात नाही. आजी, हात तसाच धरा."

मी मधल्यामध्ये, चिमूट हवेत. तेव्हा कुठे मी त्या हाताकडे पाहिलं. अगं बाई, हा तर माझा! मी रडले, संघमित्रा रडली, आणि दौलतरावांना कळेना की रिपोर्ट कशाचा लिहावा. कुंकू तिथल्या मूर्तींची निगा राखणाऱ्या बाईंनी कापसाच्या बोळ्याने अलगद पुसलं, मूर्तीला काही झालं नाही. मी लेखी माफी मागितली, आणि ती मनापासून मागितली.

पुढच्या बुधवारी दौलतरावांनी साहेबांना विचारून आतून देवीची प्लास्टरची प्रतिकृती आणून टेबलावर ठेवली. ज्यांना दिसत नाही त्यांनी हात लावून बघायची ती. म्हणाले, हिला काय हवं ते लावा, खरीला सोडा. आधी कुंकू लावलं, मग ताटात रांगोळी. आमच्या घरातल्या बायका रांगोळीने माणसांचे चेहरे काढतात, मीही चाळीस वर्षं काढले. नव्या हाताने पहिला चेहरा दौलतरावांचा काढला. दुधीभोपळ्यासारखा आला. त्यांनी त्याचा फोटो काढून फोनवर लावला आहे.

३. ठाकूरद्वारची माझी जागा ऋग्वेदाला. अट एकच, शनिवारी दुपारी बाहेरची खोली संघमित्राच्या पेशंटांना उघडी हवी, आणि लादीवर रंग सांडला तर ऋग्वेदाने हूं की चूं करायचं नाही. बँकेतल्या ठेवीच्या व्याजातून बुधवारची गाडी चालू राहावी. रांगोळीचे बावीस डबे आणि चाळणी बुधवारच्या मंडळींना. संघमित्रा आणि दौलतराव साक्षीदार, म्हणून वकिलांनी मला त्यांच्या नावाने काही ठेवू दिलं नाही. बरं, त्यांना मी जिवंतपणीच कोलंबीचं भानोलं खाऊ घालते.

कमलाकांतभाऊजींना शाईचा पॅड, निळा, एकदाच वापरलेला. घाईत माझ्या उशीजवळ विसरून गेले होते. माझा त्यांच्यावर राग आहे. तो बरोबर नेणार नाही, तोही त्यांनाच ठेवते.

४. संग्रहालयाच्या दालनात शाईचं पेन चालत नाही, म्हणून सही बाहेरच्या व्हरांड्यात करत आहे. इथूनही देवी दिसते.

सही: वासंती तळपदे
स्थळ: फोर्ट, मुंबई
बुधवार, दि. १२ नोव्हेंबर २०२५

साक्षीदारांचं निवेदन: वरील सही वासंतीबाईंनी आम्हा दोघांसमक्ष स्वतःच्या उजव्या हाताने केली. पाच मिनिटं लागली. हात दोनदा थांबला, दुसऱ्यांदा 'ती'च्या वेलांटीवर. तिथे त्या पेन ठेवायला निघाल्या, आणि वकिलांनी स्वतःजवळचा शाईचा पॅड पुढे सरकवला. साक्षीदारांनी मध्ये बोलायचं नसतं, तरी साक्षीदार क्र. २ बोलले. ते म्हणाले, "आजी, हात खाली घेऊ नका." त्यानंतर वेलांटी झाली, आडनावही झालं. पॅड उघडावाच लागला नाही.

साक्षीदार क्र. १: संघमित्रा साळवे, परळ
साक्षीदार क्र. २: दौलत गमरे, शिवडी