ग्लायसिनचा चहा

२ फेब्रुवारी
हिंगोलीच्या डॉक्टरने माझी शुगर २६८ सांगितली. २० मार्चला उपाशीपोटी दीडशेच्या खाली आली नाही तर इन्सुलिन, म्हणे. पोरगं तिशीचंही नसेल. सत्तावीस वर्षं कॉलेजची केमिस्ट्री लॅब सांभाळली मी, आणि हे मला साखर शिकवणार. सुईला मी भीत नाही. पण उगीच काहून टोचून घ्यायचं? बायकोने, साधनाने, घरात साखर बंद केली.

३ फेब्रुवारी. सकाळी ११
सुचलं! ग्लायसिन. अमिनो आम्ल. पांढरी पूड, पाण्यात झटकन विरघळते, चवीला गोड. आणि साखर नाही! बीएस्सीच्या पोरांना टायट्रेशनला लागतं, बफरला लागतं. अर्ध्या किलोची बाटली माझ्याच कपाटात. त्यावर 'खाण्यासाठी नाही' लिहिलंय, ते अडाण्यांसाठी. लॅब अटेंडंट मिराबाईला हुकूम दिला: माझ्या चहात यातले दोन चमचे. काय आहे ते सांगितलं नाही. तांड्यावरची बाई. तिला ॲसिड काय आणि आंघोळीचं पाणी काय, सारखंच.

११ फेब्रुवारी
रोज तीन चहा. अंग हलकं. पेटंट घ्यावं म्हणतो. साधनाला सांगितलं नाही. सातवी पास, तिच्या डोक्यात काय शिरणार.

२८ फेब्रुवारी
बाटली उघडून पाहिली. अजून जवळपास भरलेली. कंपनी मापात भारी आहे. चवही मुरली वाटतं, आता जास्त गोड लागतं. उद्यापासून चार चहा.

६ मार्च
घरच्या मशीनवर ३१२. मशीन मेहुण्याने आणलंय, त्याच्यासारखंच बिनकामाचं. तहान फार लागते. ऊन तापलंय, लागणारच.

१२ मार्च. संध्याकाळी ६
युनिव्हर्सिटीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. एक्स्टर्नल परीक्षक बाईंची वारंगा फाट्यावर बस चुकली, त्या दोन तास उशिरा आल्या. तोवर मी पोरांना सुरुवात करून दिली. ग्लायसिनचं द्रावण, त्यात इंडिकेटर आणि फॉर्मॅलिन, मग ब्युरेटमधून थेंब थेंब कॉस्टिक सोडा. गुलाबी रंग यायला चांगलं दहा-बारा मिली लागतं. इथं सगळ्यांचं पहिल्याच थेंबाला गुलाबी. बावीस पोरं, बावीस गाढवं. निता नावाची पोरगी म्हणाली, सर, यात ग्लायसिनच न्हाई. आधी ब्युरेट धरायला शीक म्हटलं.

बाईंनी बाटलीतलं चिमूटभर घेतलं, निनहायड्रिन घालून उकळलं. ग्लायसिन असेल तर जांभळं होतं. ते पाण्यासारखंच राहिलं. मी म्हटलं, निनहायड्रिन जुनं असेल. बाईंनी ही बाटली कोण हाताळतं विचारलं. मिराबाई पुढं आली.

"म्याच भरली मॅडम. सरली की बरणी धुऊन वाळवायची अन् जवळा बाजारच्या कारखान्याची साखर मिक्सरमधून काढून भरायची. दोनदा भरली. घरी ताईनं साखर बंद केली, म्हणून सर इथं लपून खाऊन राहिले, असं वाटलं. मला लई कीव आली त्यांची."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

१३ मार्च
रजा टाकली. कीव! आणि माझी!

२० मार्च
उपाशीपोटी ३९४. पोरांची परीक्षा परत होणार. नवी बाटली आली, ती कपाटात. कपाटाची किल्ली प्राचार्यांनी मिराबाईकडे दिली.

डॉक्टरने इन्सुलिनचं पेन हातात ठेवलं, कसं टोचायचं ते दाखवलं. सोपंच होतं. मी तीनदा पेन पोटाजवळ नेलं आणि तीनदा टेबलावर ठेवलं. शेवटी साधनाने पेन घेतलं, डॉक्टरला दोन प्रश्न विचारले आणि बराबर टोचलं. लय तकलीफ झाली का, म्हणाली. न्हाई म्हटलं. तोंड फिरवून बसलो होतो, नाहीतर तिला माझे डोळे दिसले असते.