लेबलांची मागची बाजू

अण्णा, तुमची फटाक्यांच्या लेबलांची वही मी सोडवली. तुम्ही गेल्यापासून अठरा वर्षं ती माझ्या कपाटात पडून होती. आता माझा धंदाच तो झालाय. जुनी लेबलं, फुलबाज्यांचे डबे, फटाकेवाल्यांची कॅलेंडरं घ्यायची आणि शौकिनांना विकायची. हसाल तुम्ही. लहानपणी मला ह्याचीच लाज वाटायची.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. पंचवटीत झेंडू विकून विकून तुमची बोटं अजून पिवळी आहेत आणि तुम्ही भर रस्त्यात वाकून फटाक्यांची रिकामी पाकिटं वेचताय. मैत्रिणी बघताहेत. मी चार पावलं मागे, ओळख नसल्यासारखी. घरीही आम्हा दोघी बहिणींना पाकीट फाडायची सोय नव्हती. दाढीच्या ब्लेडने तुम्ही मागची कड सोडवायचात, चित्र अखंड बाजूला काढायचात, मग फटाके आमच्या हातात. एकदा मी घाईने वाघाचं पाकीट टरकावलं. "अगं ए, वाघच फाडलास की!" म्हणालात आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. एवढ्याशा कागदासाठी! फार राग आला होता तुमचा.

तर वही. देवळ्याच्या एका गिऱ्हाइकाला कोऱ्या पाठीची लेबलं हवी होती. चिकटवलेलं, मागे लिहिलेलं त्याला चालत नाही. पाण्यात खळ भिजली की लेबल आपोआप सुटतं, शेकडो सोडवलीत मी. आधी ओला कापूस कोपऱ्यावर फिरवून चित्राचा रंग पक्का आहे ना ते बघायचं. बघितलं, पक्का होता. मग परातीत कोमट पाणी घेतलं आणि एकेक पान सोडत गेले. पाणी निळं झालं. वाटलं, वहीच्या रेघा विरघळल्या असतील. ओतून दिलं, दुसरं घेतलं, तेही निळं. शेवटचं लेबल जरा लवकर बाहेर काढलं, वाळवायला उलटं केलं तेव्हा त्यावर फिकी अक्षरं दिसली. तुमची. "थोरलीला ताप. तरी फुलबाजी मागते."

म्हणजे चिकटवण्याआधी प्रत्येकाच्या मागे तुम्ही दौतीच्या शाईने त्या दिवसाचं काही ना काही लिहिलं होतंत. बोलला नाहीत कधी. बाकीची सगळी उलटून बघितली, स्वच्छ. एखादा कोपरा आधी उचलून बघायला काय झालं होतं मला? रडू येईल म्हणून थांबले. आलं नाही. मग उठून कुकर लावला.

गिऱ्हाईक आलं, एकेक लेबल उजेडात धरून बघत राहिलं. "ताई, लय भारी! पाठ एकदम कोरी. अशी कुठं मिळत नाय." मी मान डोलावली, चहा दिला.

ते शेवटचं लेबलही त्यातच गेलं. त्याला संच पूर्ण हवा होता. मी ते परत पाण्यात ठेवलं आणि शाई निघेपर्यंत परातीशी उभी राहिले. ती एकच ओळ घरात ठेवली असती तर गेलेल्या सगळ्या रोज छळत बसल्या असत्या.

तुम्हाला लिहिलेले हे कागद कुणाला दाखवणार नाहीये. परवा धाकटीचा फोन आला होता. "वहीत अण्णांनी लिहिलेलं काही सापडलं का गं?"

मी म्हटलं, नाही, नुसती चित्रं होती.