कुणीच ‘या’ म्हटलं नाही

शुक्रवार, डिसेंबर १९९७, निशातगंज

त्या रक्तपिपासूच्या सिरियलवरून आजही घरात वाद. बोलताना त्याचा सुळा हलतो, मी हसते. लेक चिनू डाफरते, “मम्मी, चुप रहो ना!” सासूबाई “काय भिकार आहे” म्हणत शेवटपर्यंत बघतात.

आज कळलं, घरातल्या कुणी ‘या’ म्हटल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. तेवढ्यात आमची बेल वाजली. एरवी सासूबाई कोण आहे ते न बघताच ‘या, या’ म्हणतात. आज गप्प. आणि मी? त्या हलत्या सुळ्याला हसणारी? मीही गप्पच.

पुन्हा बेल. शेवटी न बोलता कडी काढली. धुक्यात हे उभे, पांढरेफटक. कुणी ‘या’ म्हणायची वाट न बघता सरळ आत आले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.