कुरवांची शेव

पळसदेव, जानेवारीतला रविवार

परत शेवच. सलीम, माझा धाकटा दीर, होडीतल्या पर्यटकांना कुरवांपुढं शेव टाकायला लावतो. कुरव हे मासे खाणारं पाखरू, त्याला तळलेलं घालू नको, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

आज मी शेवेशिवाय होडी नेली. थवा आला, माझा रिकामा हात बघून सलीमच्या होडीकडं वळला. माझ्या होडीतल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही शेव ठेवत नाही का?" धरणभर मासे आहेत, आणि ओशाळायचं मी?

घरी येऊन सलीमला चांगलं झाडलं. त्यानं मान डोलावली आणि बाहेर पडला. वाटलं, पटलं एकदाचं. जरा वेळानं दुकानातून पुडा घेऊन आला. "भाभी, तुमचं बराबर हाय. उद्यापासनं बिनतिखटाची शेव."